लाल चिंधीचे भेदरे

परवा सुनेनं टपालानं बियांचं एक पाकीट मागवलं. पाकिटावर लांबट, निमुळत्या टमाटराचं चित्र, आणि खाली लिहिलेलं की हे जुन्या वाणाचं आहे, यात पाणी कमी आणि गर जास्त. "आई, याचा रस्सा घट्ट होतो म्हणे, गच्चीवर लावू या," ती म्हणाली. मी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि पाकीट परत तिच्या हातात दिलं. म्हटलं, तू लाव, मी हात लावणार नाही. तिला वाटलं म्हातारी रुसली. म्हातारी रुसलेली नव्हती. म्हातारीला लाज वाटत होती, आणि साठी उलटल्यावर बाईला लाज वाटली की घरचे तिला रुसवाच समजतात. काय झालं ते तिला तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या गावी टमाटराला भेदरे म्हणत. चिमूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आमचं धानाचं गाव. घर मातीचं, पुढं ओसरी, मागं सांदवाडी. सांदवाडी म्हणजे घरामागचा कुंपण घातलेला तुकडा, त्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, वालाचा वेल, आणि विहिरीच्या कडेला भेदऱ्यांचे दोन वाफे. वाडी सगळ्यांची, पण भेदऱ्यांचे वाफे एकट्या मोठीमायचे. मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि घरात तिच्या शब्दापुढं दोन्ही दीर मान वर करत नसत. उंच, हाडकुळी, कपाळ मोठं, आवाज बारीक. ती कधी ओरडत नसे. ओरडणाऱ्या माणसाची भीती सरावानं कमी होते, तिची कधी कमी झाली नाही.

भेदऱ्याचं बी तिनं माहेराहून आणलेलं. तसला भेदरा गावात दुसऱ्या कोणाकडं नव्हता. बोटाएवढा लांब, टोकाला निमुळता, कापला तर आत पाणी नाहीच, नुसता लाल मांसल गर आणि चिमूटभर बी. पाट्यावर वाटला की चटणी हातावर उभी राहायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठीमाय त्यांच्या उभ्या फोडी करून, बी काढून, मीठ लावून खाटेवर लुगडं अंथरून वाळवायची. वाळलेल्या फोडींना आम्ही खुला म्हणत असू. पावसाळ्यात भाजीपाला सरला की मूठभर खुला आणि सुक्या झिंग्या, म्हणजे वाळलेली बारीक कोळंबी, वर लाल तिखट. बाहेर पाऊस, चुलीवर मडक्यात ते रटरटतंय, आणि आम्ही सगळे ताटं घेऊन बसलोय. इतकी वर्षं झाली, पण त्या वासानं माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं.

बियांचे मोठीमायचे नियम होते. वाफ्यातलं सगळ्यात जोमदार झाड निवडून त्याच्या खालच्या तीन फळांना ती लाल चिंधी बांधायची. ती फळं बियांसाठी. त्यांचं बी निघून, राखेत घोळून, शेणाच्या चकतीत दाबून भिंतीला चिकटेपर्यंत घरात कोणी कच्चा भेदरा तोंडात घालायचा नाही. शिजवून खा, भाजून वाटून खा, कच्चा नाही. बी घरातल्या सुनांना हाताळायला मिळत नसे. घरातली मुलगी सासरी निघाली की मात्र तिच्या ओटीत भेदऱ्याच्या बियांची पुरचुंडी पडायची. बाबांच्या बहिणीला मिळाली होती. पुढं मला मिळणार होती, घरात मुलगी मी एकटीच. मोठीमाय मला म्हणायची, "तुया ओटीत सोनं नाई घालनार मी. हे घालीन. सोनं कोनबी घालते."

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी वाफ्यांना मर लागली. सकाळी हिरवं दिसलेलं झाड संध्याकाळी मान टाकायचं. त्याच हिवाळ्यात उंदरांनी भिंतीवरच्या शेणाच्या चकत्या कोरून जुनं बीही संपवलं. मोठीमायनं भिंतीला हात लावून पाहिला, नुसता भुसा गळला. वाफ्यात एकच झाड उरलं, त्यावर तीन फळं. तिनं तिन्हींना चिंधी बांधली आणि मला बोलावलं. गावात वानरं यायची. "शाळेतून आली का इथी बसाचं. वानर आलं तं हाकलाचं. हे तीन गेले तं सगळं गेलं, समजलं?" मला समजलं. पोराटोरांचा खेळ बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर रंगायचा, त्यांचा आरडाओरडा वाडीत ऐकू यायचा, आणि मी काठी घेऊन तीन भेदऱ्यांपुढं बसायची.

त्याच वर्षी सुमनकाकू घरात नवी होती. धाकट्या काकाची बायको, वीस वर्षांचीही नसेल. गोल चेहरा, हसताना तोंडावर पदर धरायची. मला वेणी घालून देई, माझ्याशी काचापाणी खेळे, मोठीमाय बाहेर गेली की. तिला पाचवा महिना होता आणि आंबट खायचे डोहाळे. चिंचा, बोरं, कच्च्या कैऱ्या सरल्या की मिठाचे खडे. गावाच्या पिण्याच्या विहिरीवर बाया तिची थट्टा करत, "काऊन वं सुमन, विहीरही आंबट लागते का?" एकदा ती माझ्याजवळ वाफ्याशी उभी राहिली, पिकत आलेल्या भेदऱ्यांकडं बघत. "कच्चा कसा लागत असंल वं, कुंदा?" मी म्हटलं, मले नाई माहीत. ती हसली आणि निघून गेली. हे तिचं वाक्य घरात आणखी एकीनं ऐकलं होतं. मोठीमाय वाफ्यामागच्याच विहिरीवर पाणी काढत होती.

चार दिवसांनी ते तीनही मी खाल्ले. भूक नव्हती. दुपारी बोडीकडून पोरांचा आवाज येत होता, ऊन पाठीवर, आणि माझा राग त्या तीन फळांवर निघाला. माझ्यापेक्षा त्यांचा लाड जास्त होता. एक तोडला आणि चावला. गोड होता, थोडा आंबट, आणि गर दातांत भरून आला. मग लक्षात आलं की एक गेला काय आणि तीन गेले काय, मार तोच. म्हणून उरलेले दोन्ही खाल्ले. चिंध्या वाफ्यात पुरल्या. अकरा वर्षांच्या पोरीचं डोकं इतकंच चालतं असं लोक म्हणतात. पुढं काय चाललं ते वाचा.

मोठीमायनं संध्याकाळी झाड पाहिलं. ती ओरडली नाही. आम्हा तिघींना, मायला, सुमनकाकूला आणि मला, ओसरीवर उभं केलं. मला आधी विचारलं. मी म्हटलं, मी पाणी प्यायला घरात गेले होते, आले तेव्हा नव्हते. मग वानर असेल, माय घाबरत म्हणाली. "वानर चिंधीची गाठ सोडून खाते का?" मोठीमायनं विचारलं, आणि सुमनकाकूकडं वळली. "तुले कच्चा कसा लागते ते पाहाचं होतं ना?"

सुमनकाकूचं तोंड पांढरं पडलं. "मी नाई खाल्ला, बाई. देवाची शप्पत."

"देवाले काऊन मधी आनतं? पोटावर हात ठेव."

सुमनकाकूनं पोटावर हात ठेवला. "या लेकराची शप्पत. मी नाई खाल्ला." माय रडायला लागली. मी खांबाला पाठ लावून उभी होते. तेव्हा बोलायला एक शब्द लागत होता. मी तो काढला नाही.

मग मोठीमायनं जे सांगितलं ते फक्त आमच्याकडच्या बाईलाच सुचावं. गावच्या बाया परसाकडं जात त्या रानात भेदऱ्याची रोपं आपोआप उगवायची, हे सगळ्यांना माहीत होतं. शिजलेलं बी मरतं, कच्चं खाल्लेलं बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. "मले चोर नाई पायजे, मले बी पायजे," ती म्हणाली. "ज्याच्या पोटात गेलं त्याच्या पोटातून येईन." आमच्या शेताच्या बांधाआड, पळसाच्या आडोशाला, तिनं दुसऱ्या दिवशी पहाटेच तीन तुकडे खणून घेतले. भोवती बोराट्या, बोरीच्या काटेरी फांद्या, लावल्या. एक मायचा, एक सुमनकाकूचा, एक माझा. तीन दिवस ज्यानं त्यानं आपल्याच तुकड्यात जायचं, वर माती लोटायची, आणि मग रोज पाणी घालायचं. बाबांना आणि काकाला कोणी काही विचारलं नाही. घरातल्या गडीमाणसांच्या पोटात काय गेलं हे त्या घरात कधीच कोणी विचारत नसे.

माय आणि सुमनकाकू उजाडता उजाडता जाऊन आल्या. मी म्हटलं, मला आत्ता नाही येत. ऊन वर आल्यावर एकटीच गेले. माझ्या तुकड्यापुढं उभी राहिले, आणि मग बोराटी उचलून सुमनकाकूच्या तुकड्यात शिरले. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी, माझी जागा अगदीच कोरी दिसायला नको म्हणून, माझ्या तुकड्यात गेले. घाबरून केलं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. घाबरलेलं लेकरू पळतं, लपतं, खोटं बोलतं. मी बोराटी उचलली होती, आणि बाहेर आल्यावर जशी होती तशी परत लावलीही होती.

पुढचे दिवस आठवले की मला अजून मान खाली घालावीशी वाटते. माय तिच्या तुकड्यावर कसंबसं पाणी टाकून यायची. सुमनकाकू मात्र लोटा काठोकाठ भरून न्यायची आणि बोटांवरून धार सोडून हळूहळू घालायची, माती वाहू नये म्हणून. पोट सांभाळत वाकायची. पाणी घालून झालं की माझ्याकडं बघायची, जरा वेळ, आणि म्हणायची, "चाल कुंदा, घरी जाऊ." मला वाटायचं तिला आपल्या खरेपणाची इतकी खात्री आहे की ती आनंदानं पाणी घालते. वेणी तशीच घालून द्यायची. एकदा वेणी घालताना तिनं विचारलं, "कुंदा, मले काई सांगाचं हाय का तुले?" मी म्हटलं, नाई.

आठव्या की नवव्या दिवशी माझ्या तुकड्यात एक अंकुर दिसला. दोन बारीक पानं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तो उपटून मुठीत चोळला. भेदऱ्याच्या कोवळ्या पानाचा वास बोटांना इतका चिकटतो की राखेनं तीनदा हात घासले तरी गेला नाही. त्या रात्री जेवताना, उजव्या हाताचा वास कोणाला येऊ नये म्हणून, मी डाव्या हातानं पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी सुमनकाकूच्या तुकड्यात अकरा रोपं होती. मोठीमायनं बसून बोटानं एकेक मोजली. तिचे ओठ थरथरत होते. मला तेव्हा वाटलं रागानं, पण ती आनंदानं रडत होती. तिचं बी परत आलं होतं.

"आता पोटावर हात ठेव," मोठीमाय सुमनकाकूला म्हणाली. तिनं ठेवला नाही. माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. गावात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. गावाच्या विहिरीवर तिची घागर कोणी उचलून देईना. पोरं तिला बघून हसायची, काय म्हणायची ते मी इथं लिहिणार नाही. काकानं तिला मारलं नाही, फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. आठ दिवसांनी मोठीमायनं गाडी जुंपायला सांगितली आणि तिला बाळंतपणासाठी म्हणून वेळेच्या फार आधी माहेरी लावून दिलं. गाडी वळणावर गेली तेव्हा मी ओसरीवर लाखोळीच्या घुगऱ्या खात होते. मला त्याही आठवतात, त्यात मीठ जास्त पडलं होतं.

ती अकरा रोपं मोठीमायनं विहिरीकाठी लावली. वर पळसाच्या पानांचा मांडव घातला, उन्हाळ्याच्या झळा लागू नयेत म्हणून ओलं पोतं बांधलं. चार जगली. भाजून काढणाऱ्या उन्हात त्यांनी पाच-सात फळं दिली, बारीक पण तसलीच लांबट. बी निघालं आणि भिंतीला लागलं. त्याच सुमारास निरोप आला की सुमनकाकूचं लेकरू मेलेलं जन्मलं. मुलगा होता. गावानं ऐकलं आणि सगळ्यांनी एकच म्हटलं, खोटी शपथ घेतली पोटावर, दुसरं काय होणार. माझी मायही म्हणाली. तिचा जीव इतका मऊ होता, पण तीही म्हणाली. पोटातली लेकरं शपथेनं मरत नाहीत हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी पक्कं धरून बसले होते की मरतात, फक्त शपथ खरी होती हे मला एकटीला माहीत होतं. मग ते कशानं मेलं, हा विचार मी कोणापाशी बोलू शकत नव्हते.

वर्षभरानं सुमनकाकू परत आली. पुढं तिला एक मुलगा झालाही. पण तोंडावर पदर धरून हसणं संपलं, आणि वेणीही तिनं मला कधी घातली नाही. मोठीमायनं भेदऱ्यांची सगळी मेहनत तिच्याच गळ्यात टाकली. "तुयंच पीक हाय ते," असं ती चारचौघांत म्हणायची. सुमनकाकू वाफे खणायची, पाणी द्यायची, फोडी करून खुला वाळवायची. खायची मात्र कधीच नाही. मोठीमायचे डोळे गेल्यावर बी काढण्याचं कामही तिच्याकडं आलं. ज्या सुनांना ते हाताळायची मनाई होती, त्यातल्या एकीच्याच हातात शेवटी ते गेलं.

माझं लग्न ठरलं, नवरा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात. निघताना मोठीमाय खाटेवर बसूनच म्हणाली, "सुमन, कुंदाच्या ओटीत बी घाल." सुमनकाकूनं लाल चिंधीत बांधलेली पुरचुंडी माझ्या ओटीत घातली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी रडले. सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून.

क्वार्टरच्या मागं पाच पावलं जमीन होती. वीज केंद्राच्या चिमणीची राख पडून करडी झालेली, पण मी शेणखत घालून वाफा केला. बी पेरलं, उगवलं नाही. मातीचा दोष समजून मडक्यात पेरलं, उगवलं नाही. तिसऱ्यांदा पेरण्याआधी थोडं बी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. आठ दिवसांनी ते नुसतं बुळबुळीत झालं. तोवर मोठीमाय वारली होती. तेराव्याला गावी गेले तेव्हा सुमनकाकू मागच्या अंगणात खाटेवर फोडी पसरत होती. मी जवळ बसले. म्हटलं, "काकू, ते बी उगवलंच नाई. तीनदा पेरलं."

तिनं हातातली फोड खाटेवर ठेवली. "कसं उगवंल? तव्यावर भाजून देल्लं होतं मी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगणात कोंबड्या चरत होत्या, आत बाया तेराव्याची भांडी घासत होत्या.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, मोठीमायचाच आवाज जणू. "आपल्या जागेत कोन येऊन गेलं हे बाईले समजत नाई का? पावलंही लहान होती. म्या म्हटलं, लेकरू हाय, भेलं असंल. आज सांगंल, उद्या सांगंल. रोज पानी घातलं, रोज तुया तोंडाकडं पायलं. तुले इचारलंही."

"तू काऊन नाई सांगितलं, काकू?"

"कोनाले सांगाचं होतं? आनं काय म्हनून सांगाचं होतं, सांग बरं, तूच सांग."

मी तोंड उघडलं. मी सांगते, म्हटलं, आत्ता आत जाऊन सगळ्यांना सांगते. ती पुन्हा फोडी पसरायला लागली. "आता काऊन सांगतं? जिले आयकाचं होतं ते मेली. माह्या लेकराले आयकू येत नाई." मग म्हणाली, "आनं बी मांगाले आली असशीन तं जाय. तुले बियाची काय गरज, बाई. तुयं तं दुसऱ्याच्या जागेतही उगवते."

मी आत जाऊन कोणालाही काही सांगितलं नाही. हेही लिहून ठेवते, म्हणजे कोणी मला पश्चात्तापी बाई समजू नये. तेराव्याच्या घरात कशाला, असं स्वतःला समजावलं आणि चारच्या एसटीनं परत आले.

तेव्हापासून दरवर्षी उन्हाळा संपता संपता, आधी काका आणि मोठा झाल्यापासून तिचा मुलगा, येतो, दाराशी पिशवी देतो, चहा घेऊन जातो. पिशवीत शेरभर खुला. पहिल्या वर्षी मला वाटलं तिनं माफ केलं. रात्रभर भिजवून सकाळी फोड हातात घेतली तेव्हा दिसलं की एकाही फोडीत बी नाही, बियांची जागाही सुरीच्या टोकानं खरवडून काढलेली. वाळवताना बी काढायचंच असतं, पण दोन-चार चुकून राहतात, कोणाच्याही हातून राहतात. तिच्या हातून नाही. ती आता पंच्याहत्तरीला आली, हात कापतात म्हणतो मुलगा, डोळ्याला कमी दिसतं, पण भेदऱ्याच्या फोडी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. आज पिशवी आली. सून स्वयंपाकघरात तिचं नवं पाकीट उघडत होती, आणि मी खिडकीशी बसून एकेक फोड उजेडात धरून, नखानं चाचपून पाहिली, शेवटच्या फोडीपर्यंत. एकही बी नव्हतं.